जमिनीपासून एक मीटर

कुरिंडा गावात कुणी झाडाला करवत लावली, की तिसऱ्या मिनिटाला नेव्हिल ट्रेगेन्झाचा फोन नगरपालिकेत वाजायचा. पहिली दोन मिनिटं चष्मा शोधण्यात जायची. हे आम्ही पदरचं सांगत नाही, तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि वर हसायचा. पण हसता हसता नंबर मात्र लावायचाच.

बारा वर्षांपूर्वी चर्चच्या कोपऱ्यावरची तांबडी निलगिरी एका बिल्डरने रविवारी सकाळी, सगळे प्रार्थनेत असताना, आडवी केली. त्या दिवसापासून हा भूगोलाचा निवृत्त मास्तर पेटला. दारोदार हिंडून त्याने सह्या गोळा केल्या. नगरपालिकेच्या सभेत बोलायला चार मिनिटं मिळतात, हा अकरा मिनिटं बोलला. शेवटी नियम झाला. खाजगी आवारातलं झाड असलं तरी जमिनीपासून एक मीटर उंचीवर खोडाचा घेर दीडशे सेंटिमीटरच्या वर गेला, की परवानगीशिवाय तोडायचं नाही. परवानगी मिळाली तर एकाच्या बदल्यात दोन लावायची आणि तीन वर्षं जगवून दाखवायची.

त्यात 'मूळ जमिनीपासून' हा शब्द नेव्हिलने आग्रहाने घालून घेतला होता. कारण वर जावं तसं खोड बारीक होतं. बुंध्याशी वीतभर माती चढवली, की टेप वीतभर वर सरकते आणि घेर दोन-चार सेंटिमीटरने उतरतो. "लोक लबाड असतात!" असं तो भर सभेत टेबलावर हात आपटून म्हणाला होता. टाळ्या पडल्या होत्या. आम्हीही वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोला.

नोव्हेंबरात लॉर्नाला, म्हणजे त्याच्या बायकोला, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली. दीड महिना इस्पितळात काढून ती पुनर्वसनाच्या वॉर्डात आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नेव्हिलला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "पायऱ्या चढणं आता त्यांना जमायचं नाही. झोपायची खोली आणि बाथरूम एका पातळीवर असेल तर मार्चअखेर घरी न्या. नसेल तर शुश्रूषागृहात त्यांच्यासाठी जागा धरून ठेवलीय."

नेव्हिलचं घर टेकडीच्या उतारावर. झोपायची खोली आणि बाथरूम सात पायऱ्या वर. चाळीस वर्षं त्या सात पायऱ्या त्याला दिसल्यासुद्धा नव्हत्या, आता डोळे मिटले तरी दिसायच्या. शुश्रूषागृह बघून आला तेव्हा गाडी फाटकाशी लावून बराच वेळ आतच बसून राहिला. तिथल्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर कुणीतरी आधीच्या माणसाचं विसरलेलं कॅलेंडर होतं. लॉर्नाला तिथे ठेवायचं? छे! तो घरात गेला, पेन्सिल घेतली आणि मागच्या अंगणात एक खोली आणि बाथरूम काढलं. नकाशा छान जमला. फक्त बाथरूमच्या बरोबर मध्ये एक झाड उभं होतं.

लिंबाच्या वासाची निलगिरी. बावीस वर्षांपूर्वी नेव्हिलनेच लावलेली.

"घेर किती असेल?" त्याने स्वतःलाच विचारलं. टेप त्याच्या खिशात असायचीच. एकशे एकावन्न. पुन्हा मोजलं. एकशे एकावन्न. उलट्या बाजूने फिरून मोजलं. टेपला उलट-सुलट कळत नाही, एकशे एकावन्नच. जन्मभर झाडं वाढावीत म्हणून धडपडलेला माणूस एका झाडासमोर उभा राहून म्हणाला, "मेल्या, तुला इतकं वाढायला कुणी सांगितलं होतं?"

पण जानेवारी होता, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. जानेवारीत ही निलगिरी साल टाकते. साल गेली की घेर कमी होतो, हे नेव्हिलला ठाऊक नसेल तर कुणाला? मग रोज सकाळी चहाआधी जाऊन तो सुटलेल्या सालीचे पापुद्रे ओढून काढू लागला. आधी फक्त सुटलेले. मग थोडे सुटत आलेले. मग नखाने उचकटले तर सुटतील असे. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला.

"काय मास्तर, मालिश चाललंय वाटतं?"

शेजारचा व्हँगेलिस. उभं आयुष्य घरं बांधण्यात गेलेला ग्रीक गडी. हातात कॉफीचा छोटा कप, अंगात बनियन.

"साल सुटतेय, तिला मदत करतोय," नेव्हिल म्हणाला.

"बावीस वर्षं तिची तिला सुटत होती. औंदाच मदत लागली?"

"तू तुझी कॉफी पी ना!"

"पितोच आहे. कॉफीबरोबर करमणूकही होतेय. डावीकडचं राहिलं बघ, खाली, गुडघ्याजवळ."

"एक मीटरवर मोजतात, गुडघ्याजवळ नाही," नेव्हिलच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

व्हँगेलिस कप रिकामा करून आत गेला, जाताना त्याचे खांदे हलत होते.

आठवड्याने टेप एकशे साडेअठ्ठेचाळीसवर आली. नेव्हिलने झाड तोडणाऱ्या तीन माणसांना फोन केले. तिघांनी एकच उत्तर दिलं, की नगरपालिकेच्या माणसाने मोजून लेखी दिल्याशिवाय कुरिंडात आम्ही करवत काढत नाही. "तुमच्याकडे एक म्हातारा आहे म्हणे, लगेच फोन करतो. आमच्या धंद्यातल्या एकाला जबर दंड बसला होता," तिसरा म्हणाला. नेव्हिलने "असं का?" म्हणून फोन ठेवला. बारा वर्षं लोकांच्या मनात भीती पेरली होती, ती अशी झकास उगवली.

आता नगरपालिकेला बोलावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, पण दुसरा मार्ग नव्हता. आणि मनात कुठेतरी त्याला वाटत होतं, की आपल्याला काय भीती? मोजमाप आपल्या बाजूने आहे. शिवाय येणारी बाई आपली विद्यार्थिनी आहे.

केरिन झॅमिट ही नगरपालिकेची वृक्ष अधिकारी. नववीत नेव्हिलच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. आली, लॉर्नाची चौकशी केली, मनापासून हळहळली. मग झाडाभोवती एक चक्कर मारली आणि बुंध्याशी उकिडवी बसली.

"सर, हे काय?"

"काय?"

"ढलप्या. खोडाला टेकून केवढा ढीग हा!"

नेव्हिलने खाली पाहिलं. दर वसंतात तो झाडाच्या बुंध्याशी लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन घालायचा. ओल टिकावी, मुळं थंड राहावीत म्हणून. वीस-बावीस वर्षं. प्रेमाने. खाली कुजत गेलं, वर नवं पडत गेलं, त्याची चांगली घट्ट जमीन झाली होती.

"खोडाला ढलप्या टेकवू नयेत, बुंधा कुजतो," केरिन म्हणाली. "तुम्हीच पत्रकात लिहिलंय सर. आम्ही अजून तेच छापून वाटतो."

"हो, म्हणजे... ते सर्वसाधारण लोकांसाठी."

केरिनने पिशवीतून खुरपं काढलं. खरवडत गेली, खरवडत गेली, आणि नेव्हिल वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखा शेजारी उभा राहिला. अठरा सेंटिमीटर खाली खरी तांबडी माती लागली. तिथून तिने एक मीटर मोजला, खोडावर खडूने खूण केली, टेप गुंडाळली.

"एकशे त्रेपन्न."

"वरून मोज ना. एकशे साडेअठ्ठेचाळीस येतंय."

"सर, मूळ जमिनीपासून," केरिन अवघडून म्हणाली. "तो शब्द कुणी घातला ते मी कशाला सांगू?" मग खोडावरून हात फिरवला. खोड न्हाऊन आल्यासारखं गुळगुळीत होतं. तिच्या नजरेत प्रश्न आला, पण पोरगी गुणाची, विचारला नाही. "तुम्ही रीतसर अर्ज करा. आजारपणाचं कारण आहे, मी शिफारस करीन. चौदा दिवस कुंपणावर सूचना लागेल. हरकत आली नाही तर परवानगी मिळेल."

"आणि आली तर?"

"आली तर सभेपुढे जाईल. म्हणजे मे उजाडेल."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ती गेल्यावर नेव्हिलने स्वतःला मोठ्याने ऐकवलं. झाड वाचवायला नियम केला, नियमात सापडू नये म्हणून झाड सोललं, आणि झाडावर केलेल्या प्रेमानेच पकडून दिलं. याहून मोठा गाढव कुरिंडात शोधून सापडला नसता, आणि तो शोधण्याची समिती नेमली असती तर अध्यक्षही हाच झाला असता.

रात्रीचा दिवस करून त्याने अर्ज भरला. 'सहमालकाची संमती' या चौकोनात स्वतःच बरोबरची खूण केली. लॉर्नाला कशाला त्रास? तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

कुंपणावर पिवळी सूचना लागली, आणि ज्याने ती पाहू नये असं नेव्हिलला वाटत होतं तोच पहिल्यांदा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. व्हँगेलिस. चष्मा कपाळावरून खाली घेऊन एकेक ओळ वाचत होता. नेव्हिलला घाम फुटला, कारण नऊ वर्षांपूर्वी अशीच पिवळी सूचना व्हँगेलिसच्या कुंपणावर लागली होती. त्याला मागचा नीलमोहोर काढून आईसाठी खोली बांधायची होती. नेव्हिलने अडीच पानी हरकत घेतली होती. मुळांच्या आकृतीसकट. अर्ज फेटाळला गेला. त्याची आई, कॅलिओपीबाई, चौदा महिने त्याच शुश्रूषागृहात होत्या. तिथे कुणालाच ग्रीक येत नव्हतं. तिथेच त्या गेल्या. नेव्हिल अंत्यविधीला गेला होता आणि व्हँगेलिसचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "चांगलं वय झालं होतं." आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

तो बाहेर आला. "व्हँगेलिस, हरकत घ्यायचा तुला हक्क आहे. मी काही मनात ठेवणार नाही."

"तू मनात ठेवणार नाहीस?" व्हँगेलिस गर्रकन वळला. "वा रे वा! उपकार झाले!"

"तसं नाही रे म्हणायचं मला..."

"मग कसं म्हणायचंय? माझी आई तिथे रोज खिडकीत बसून माझी वाट बघायची. जेवायला विचारलं तर हो म्हणायचं की नाही हेसुद्धा तिला कळत नसे. पहिल्या महिन्यात सहा किलो उतरली. तुझ्या त्या आकृतीत मुळं फार सुंदर काढली होतीस, मास्तर. रंगीत."

बारा वर्षांत नेव्हिल पहिल्यांदाच मुद्द्याविना उभा होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "फार वाईट चुकलं."

व्हँगेलिसने चष्मा पुन्हा कपाळावर सारला. "मी हरकत घेणार नाही," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. लॉर्ना तिथे जाऊ नये म्हणून. आईला ती दर बुधवारी भेटायला जायची, माहितीये तुला? तू नाही, ती."

नेव्हिलला माहीत नव्हतं. बुधवारी त्याची वृक्षमित्रांची बैठक असायची.

तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी चारला मुदत संपत होती. नेव्हिलने तीनलाच बांधकामवाल्याला फोन लावून ठेवला. साडेतीनला केरिनचा फोन आला.

"सर, एक हरकत आलीय."

"कुणाची?" नेव्हिल ओरडलाच. "हृदय आहे की नाही लोकांना? एक आजारी बाई तिकडे वॉर्डात दिवस मोजतेय आणि इकडे... नाव सांग, मी स्वतः जाऊन भेटतो!"

"भेटाच सर," केरिन हळूच म्हणाली. "लॉर्ना ट्रेगेन्झा. घराच्या सहमालक."

हरकतीची प्रत तिने ईमेलने पाठवली. डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरं रांगणाऱ्या पोरांसारखी इकडेतिकडे गेलेली. चारच ओळी होत्या.

'माझी संमती घेतलेली नाही. झाड तोडण्याची गरज नाही. खालच्या मजल्यावर धुण्याच्या खोलीला लागून एक मोठी खोली आहे. पाण्याचे नळ भिंतीपलीकडे आहेत. ती रिकामी करावी.'

आता ही गोष्ट आम्हीही इतका वेळ दडवली, त्याच्या भिडेखातर. पण ज्याअर्थी बाईंनी लेखी दिलं त्याअर्थी सांगायला हरकत नाही. खालच्या मजल्यावर सपाट, उजेडाची, पायरी नसलेली एक खोली होतीच. ती नेव्हिलची होती. बारा वर्षांच्या चळवळीची खोकी, नकाशे, सह्यांचे कागद, मोठं टेबल, आणि भिंतीवर नगरपालिकेचं चौकटीतलं प्रशस्तिपत्र. इस्पितळाकडून घर बघायला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "या खोलीत काय आहे?" नेव्हिल म्हणाला होता, "कागदपत्रं. ती खोली नाही उपयोगाची," आणि दार ओढून घेतलं होतं. त्यात त्याला काही लपवाछपवी वाटली नव्हती. ती खोली मोकळी करता येते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बावीस वर्षांचं झाड तोडावं हे सुचलं, स्वतःचं टेबल हलवावं हे सुचलं नाही.

तो वॉर्डात पोचला तेव्हा लॉर्ना खुर्चीत बसून कस्टर्ड खात होती. त्याला पाहून तिने चमचा खाली ठेवला.

"आलास," ती म्हणाली. एकेक शब्द दगड उचलून ठेवावा तसा येत होता. "रागावलायस?"

"लॉर्ना, तू मला सांगायचंस ना! हरकत कशाला घ्यायची? तुझं त्या झाडावर इतकं प्रेम आहे हे मला..."

"झाडावर?" तिचा अर्धा चेहरा हसला. "मला तिथे... कपडे वाळत घालायचे होते. बावीस वर्षांपूर्वी. म्हणाले होते मी. तू ऐकलं... नाहीस."

नेव्हिल खाटेच्या कडेला बसला.

"घर बघायला आल्या होत्या ना, त्या बाई मला म्हणाल्या... खालची खोली आहे. मी तुला म्हणाले. तीनदा. प्रत्येक वेळी तू... झाडाचं सांगायला लागलास. साल. टेप. एकशे... किती ते."

"एकशे त्रेपन्न."

"तेच." तिने दम घेतला. "कुंपणावर सूचना लागलीय, असं व्हँगेलिस सांगून गेला. तो बुधवारी येतो. मग मी कागद मागितला. तू माझं ऐकत नाहीस, नेव्हिल. लेखी हरकतीचं... ऐकतोस."

तो काहीतरी बोलणार होता. त्याच्याकडे वाक्य तयारसुद्धा होतं. पण तिचा डावा हात मांडीवर पडून होता, चार ओळी लिहून दमलेला, आणि त्या चार ओळी लिहायला तिला दोन दिवस लागले असं मघाशी दारात नर्सने सांगितलं होतं. नेव्हिलला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, कारण लपवायला तिथे जागा नव्हती.

"बारा वर्षं त्या खोलीत दिवा जळायचा," लॉर्ना म्हणाली. "मी पलीकडे एकटी... जेवायची. आता मला त्या खोलीत यायचंय."

"ये," नेव्हिल म्हणाला. "ये गं बाई. उद्याच मोकळी करतो. अर्ज मागे घेतो. व्हँगेलिसच्या पाया पडतो, तो बाथरूम बांधेल. आधी दार रुंद करून घेऊ, मग फरशी उतरती लावू, मी निळ्या फरशा बघून ठेवल्यात, त्या पायाला..."

तो थांबला. लॉर्ना त्याच्याकडे बघत होती. कस्टर्डची वाटी त्याने बाजूला केली, कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली आणि विचारलं, "तुला कशा हव्यात?"

लॉर्नाने सांगायला सुरुवात केली. मध्ये शब्द अडायचे, ती डोळे मिटून शोधायची, कधी सापडायचे, कधी दुसराच यायचा आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. फरशा, खिडकीची उंची, पलंग कुठल्या भिंतीला, सगळं तिच्या मनात केव्हाचं ठरलेलं होतं. सांगायला तिला पाऊण तास लागला. नेव्हिल मध्ये एकदाही बोलला नाही.